पूर्ण वाक्यात बोला

१० जानेवारी

चि. ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. पोचले. प्रवासात पाय सुजले होते, ते उतरले. बाकी ठणठणीत आहे.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. छत्तीस वर्षं पत्रे ठोकायच्या कारखान्यात काढलीस आणि येताना कान तिथेच ठेवून आलास. तेव्हा आपलं पत्रच बरं. वाचून कळलं नाही तर परत वाच, मला त्रास नको.

मी इथे का आले हे तुला मी चारदा सांगितलं आणि चारही वेळा तू नुसती मान हलवलीस, म्हणून पाचव्यांदा लिहून देते. दहा परदेशी मुलं माझ्या घरी राहून, आपली भाषा शिकून गेली. ही मुलं पाठवणारं मंडळ दहा विद्यार्थी ठेवणाऱ्या यजमानाला सहा महिन्यांसाठी स्वतःलाच विद्यार्थी म्हणून परदेशी पाठवतं. तर मी आता बासष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी. दप्तरही घेतलंय. हसून घे.

माझी यजमानीण बस चालवते. तिचं नाव उच्चारताना जिभेला गाठ पडते, म्हणून मनातल्या मनात मी तिला बसवाली म्हणते. पन्नाशीची असेल, खांदे पैलवानाचे, आवाज खणखणीत. एकटीच असते. पहाटे चारला उठून जाते, दुपारी दीडला येते. मुलगा नोकरीसाठी दूर गेलाय, त्याच्या खोलीत मला ठेवलंय. भिंतीवर त्याने कधीतरी लावलेल्या चित्रांचे चिकट डाग आहेत, कपाटात त्याचे जुने बूट आहेत. खिडकीतून बसडेपोची मागची भिंत दिसते. थंडी मात्र मरणाची आहे.

तिच्याकडे नियम असा एकही नाही. असं कसं घर चालतं देव जाणे. माझ्या घरातला नियम तुला पाठ आहे: पूर्ण वाक्यात बोला. अर्धवट बोलणाऱ्याला उत्तर नाही, मीठ नाही, साबण नाही. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत मी, चूक दिसली की अंगाला खाज सुटते. नऊ जण सहा महिन्यांत पोपटासारखे बोलायला लागले ते काही उगीच नाही. इथेही तोच नियम मी स्वतःला लावणार आहे. तोंड उघडीन ते पूर्ण वाक्य घेऊनच.

लांबू, माझा सहावा, आपल्या दाराच्या चौकटीवर रोज डोकं आपटायचा तो, इथून दोन तासांवर राहतो. त्याच्याच भरवशावर मी हा देश निवडला. रविवारी भेटायला येतो म्हणालाय.

झाडांना एक दिवसाआड पाणी. विद्यार्थ्यांच्या खोलीला हात लावायचा नाही.

तुझी,
ताई

---

२७ जानेवारी

ती. ताईस,

गुडघे दुखतात म्हणून उभ्यानेच नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा कळलं. झाडं ठीक आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतलं तेवढं माझ्यावर रुसलंय, त्याला तुझ्या ओरडण्याची सवय असावी. मीही थोडं ओरडून बघितलं. शेजारचा शिंपी धावत आला, म्हणाला, काका काय झालं? मी म्हटलं, काही नाही, झाडाशी बोलतोय. तेव्हापासून तो मला पाहिला की जरा लांबूनच जातो.

मी एक दिवसाआड येतो, पाणी घालतो, थोडा वेळ बसतो, कुलूप लावून जातो. सुनेने विचारलं, तुम्हाला तिथे एवढा वेळ काय लागतो? मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढा एक फायदा आहे.

बरं, बोललीस का तिच्याशी? पहिलं वाक्य काय होतं? मोठं होतं का? लांबू आला होता का? त्याला म्हणावं, चौकटीला अजून खोक आहे.

तुझा,
ठोंब्या

---

१८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र लाल शाईने खुणा करून सोबत परत पाठवत आहे. एकूण सात चुका. साठी उलटली तुझी, आता तरी शीक.

इथे सगळं छान आहे. जेवण छान, बसवाली छान, वर्गही छान. वर्गात आम्ही अकरा जण आहोत आणि मी सोडून सगळे विशीतले. लेखी परीक्षेत मी पहिली आले. बाई मला तोंडी प्रश्न विचारायचं टाळतात, बहुधा माझ्या वयाचा मान ठेवतात.

लांबू आला होता. फुलं घेऊन आला. अजून तितकाच उंच आहे, फक्त पोट आलंय. तासभर बसला. तो आणि बसवाली भराभर बोलत होते, हसत होते. मीही हसले. मध्येच तो माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाला, "बाई, तुम्ही आज गप्प का?" अगदी पूर्ण, शुद्ध वाक्य. मला इतका अभिमान वाटला त्याचा. मग त्याने घड्याळ पाहिलं. त्याला आता दोन मुलं आहेत, एकीला पोहायला न्यायचं होतं. परत येतो म्हणाला.

वर्ग बाराला सुटतो. मग मी जरा फिरते. हवा छान आहे.

तुझी,
ताई

---

६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या पत्रात मी 'छान' हा शब्द मोजला. पाच वेळा आहे. मी दुसऱ्याच्या चुका काढत नाही, पण तूच मला सांगायचीस ना, की ज्या विद्यार्थ्याचं घरी जाणारं पत्र 'सगळं छान' म्हणतं, त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला काढावा, ओला असतो? तुझ्या उशीचं काय ते सांग.

आणि बाराला वर्ग सुटल्यावर 'मी जरा फिरते' म्हणजे कुठे? तुझ्या गुडघ्यांनी तू गल्लीच्या टोकापर्यंत जात नव्हतीस.

मला जाब विचारण्याआधी माझंही सांगून टाकतो. मी एक दिवसाआड येत नाही, इथेच राहतो. दहा फेब्रुवारीपासून. मुलाची बदली झाली. भाड्याची जागा सोडली. तो म्हणाला, "बाबा, तिथे जागा लहान आहे, दोन-चार महिन्यांत बघू." सुनेने माझी बॅग फार नीट भरली, घड्या घालून, औषधांच्या पुड्यांवर वार लिहून. इतक्या नीट भरलेल्या बॅगेकडे बघूनच मला कळलं की दोन-चार महिन्यांचं काम नाही हे. तुझ्या पलंगावर झोपायची छाती होईना, म्हणून विद्यार्थ्यांच्या खोलीत झोपतो. खोलीला हात लावला नाही, फक्त पाठ लावली.

राग आला असेल तर लाल शाईने लिही.

तुझा,
ठोंब्या

---

३ एप्रिल

चि. ठोंब्यास,

राग आला नाही. तिथेच राहा. खोलीतल्या टेबलाचा खालचा खण अडकतो, जोर लावू नकोस. मुलाला मी भेटले की बघते.

आता माझं ऐक. म्हणजे वाच.

मी आल्यापासून या घरात पाच वाक्यंही बोललेले नाही. आधी मला वाटलं, होईल सुरू. बसवाली दुपारी येते, बूट काढते, काहीतरी विचारते. मी मनात वाक्य जुळवायला घेते. शब्द आठवते, त्यांची रूपं तपासते, कुठे चूक राहिली का ते परत बघते. तोवर तिने स्वतःच उत्तर देऊन टाकलेलं असतं, ताट माझ्यापुढे आलेलं असतं आणि ती तिसऱ्याच विषयावर गेलेली असते. माझं वाक्य तयार होतं तेव्हा त्याला जागाच उरलेली नसते. चुकीचं बोलायला जीभ वळत नाही रे माझी. चौतीस वर्षांची खोड.

बाराला वर्ग सुटला की घर रिकामं असतं आणि त्या रिकाम्या घराची मला भीती वाटते. म्हणून मी बसमध्ये बसते. ती चालवते त्या मार्गाची सोडून दुसरी कुठलीही. शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, तिथून तीच बस पकडून परत येते. बसमध्ये कुणी आपल्याशी बोलावं अशी अपेक्षा नसते, तेवढा जीव हलका होतो. काल तिच्या मार्गाची बस समोरून आली. मी खिडकीत मान खाली घातली. बासष्ट वर्षांची बाई, शाळा चुकवणाऱ्या पोरासारखी.

रात्री एका पांघरुणात थंडी वाजते. मी कोट घालून झोपते. पांघरूण मागायचं वाक्य मला येतं, वहीत शुद्ध लिहून ठेवलंय. तीन महिने झाले, तोंडातून निघत नाही.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण परवा स्वयंपाकघरात टेबलावर मंडळाचा फॉर्म पडलेला दिसला. भाषा इथली, पण रकाने तेच. मी दहा विद्यार्थ्यांचे दर महिन्याला भरलेत, डोळे मिटून ओळखते. सातवा रकाना: 'विद्यार्थी घरात बोलतो का? होय, थोडं, नाही.' बसवालीने 'नाही'वर खूण केली होती. खाली फेब्रुवारीची प्रत होती, तिच्यावरही 'नाही'. पहिला महिना सोडून तीन महिने ओळीने 'नाही' आलं की मंडळ विद्यार्थ्याला घरी पाठवतं. एप्रिलअखेरीला तिसरा फॉर्म जाईल.

ठोंब्या, तुला मुकी आठवते? माझी चौथी. बारीक चणीची, सतरा वर्षांची, केस कापलेली. तू तिला एकदा लेथवर केलेला भोवरा दिला होतास. सगळ्यांना मी सांगत आले की ती घुमी होती, माणूसघाणी होती, तिला शिकायचंच नव्हतं. सातव्या रकान्यात तीन महिने 'नाही' मीच लिहिलं. तिला परत पाठवलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं ब्याद गेली.

एकदा ती रिकामा पेला घेऊन दारात आली आणि म्हणाली, "पाणी." मी कणीक मळत होते, वर बघितलंही नाही. म्हटलं, "पूर्ण वाक्यात." ती उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग गेली. थोड्या वेळाने मला न्हाणीघरातला नळ ऐकू आला. मला ते ऐकू आलं होतं, ठोंब्या. आणि मी हसले होते. म्हटलं, बघ किती हट्टी आहे.

परवापासून मला तो नळ ऐकू येतोय.

मला हाकलून देण्याआधी मीच निघावं असं वाटतंय. तू नुसतं 'ये' असं लिही, मी उद्या तिकिटाचं बघते. पूर्ण वाक्य नको. एक शब्द पुरे.

तुझी,
ताई

---

१७ एप्रिल

ती. ताईस,

तुझं पत्र अकराला मिळालं. उत्तराला सहा दिवस लागले कारण दोनदा 'ये' लिहिलं आणि दोनदा फाडलं.

खरं सांगू? तू यावंस असं मला फार वाटतं. इथे सकाळी चहा करतो, एक कप तुझा करून ठेवतो, मग तोही मीच पितो. दिवसभरात शिंप्याशी चार शब्द होतात, त्यातले दोन मला ऐकू येतात. पण 'ये' म्हणायचं ते माझ्यासाठी म्हणायचं की तुझ्यासाठी, हेच ठरेना. तेवढ्यात तो खण निघाला.

तू म्हणालीस जोर लावू नकोस. मी लावला. इतकी वर्षं यंत्रांशी झोंबलेला माणूस मी, एक खण मला अडवतो म्हणजे काय? अख्खा बाहेर काढला आणि उलटा केला. खाली चिकटपट्टीने कागद लावलेले होते. म्हणून तो अडकत होता, ताई. नऊ वर्षं आपण लाकूड फुगलंय म्हणत होतो.

वहीची पानं आहेत, लहान लहान कापलेली. पेन्सिलीने लिहिलेली आपल्या भाषेतली वाक्यं. प्रत्येकावर तारीख. अक्षर मुकीचंच, भोवरा मिळाल्यावर तिने मला चिठ्ठी दिली होती ती अजून माझ्या पाकिटात आहे. ताडून पाहिलं. काही वाक्यं तुला उतरवून देतो.

'मला आज जरा बरं वाटत नाही.'

'खिडकी थोडी उघडली तर चालेल का?'

'मला पिण्यासाठी एक पेला पाणी द्याल का?'

'तुमच्या हातचा चहा मला आवडतो.'

'बाई, तुम्ही आज दमलेल्या दिसता.'

'बाई, मी थोडा वेळ तुमच्याजवळ बसू का?'

एकेक वाक्य तिने चार-पाचदा लिहून बघितलंय. आधीच्यांवर काट मारलीय आणि समासात तुझ्या छापखान्यातल्या खुणा केल्यात, शब्द गाळा, जागा बदला, जोडून घ्या, त्या तुझ्या वळणाच्या. तुझ्या टेबलावरची मुद्रितं बघून शिकली असणार. शेवटच्या वाक्यापुढे बरोबरची खूण आहे. मी तुझ्यासारखा शहाणा नाही, पण तीनदा तपासलं. एकही चूक नाही. पहिल्या पत्रात मी सात केल्या होत्या.

पाण्याच्या वाक्याखाली तारीख आहे नऊ नोव्हेंबर. ती गेली अकराला.

हे तुला कळवावं की नाही यातच सहा दिवस गेले. तिकडे आधीच रडतेस, त्यात हे. पण मग वाटलं, न सांगता ठेवलं तर मीही खणाखालचा कागदच झालो.

आणखी एक. रागावू नकोस. मी 'काय?' असं दोनदा विचारलं की तू म्हणतेस, "काही नाही, जाऊ दे." ताई, मला बाकी काही ऐकू येवो न येवो, 'काही नाही, जाऊ दे' मात्र नेहमी स्पष्ट ऐकू येतं. मुलगाही तेच म्हणतो, सूनही. मी गेली वीस वर्षं अर्ध्या वाक्यांवरच जगतोय. अर्ध्या वाक्यानेही चालतं गं. फक्त पुढच्याने उठून जाऊ नये.

म्हणून 'ये' लिहीत नाही. आधी पांघरूण माग. मग आलीस तरी चालेल.

तुझा,
ठोंब्या

---

४ मे

चि. ठोंब्यास,

तुझं पत्र सव्वीसला आलं. दोन दिवस वर्गाला गेले नाही. खोलीचं दार लावून बसले. बसवालीने दार वाजवलं, ताट बाहेर ठेवलं, नेलं. मुकी तेव्हा आत अशीच बसायची, आणि ताट बाहेर ठेवणारी मी होते. फरक इतकाच की मी वाजवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बसवाली टेबलाशी फॉर्म घेऊन बसलेली. चष्मा नाकावर, पेन हातात. मी जाऊन समोर उभी राहिले. वहीतलं वाक्य पाठ होतं, ठोंब्या, अगदी शुद्ध. पण ऐन वेळी सगळं पुसलं गेलं. तोंडातून जे निघालं ते हे: "थंडी. मी. रात्र. कोट."

चार शब्द. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मला वाटलं, आता ही म्हणेल, काय ते नीट सांगा.

तिने पेन खाली ठेवलं. उठली आणि थेट माझ्या खोलीत गेली. पलंगावर एक पांघरूण आणि त्यावर कोट बघितला, आणि मग जी सुरू झाली! मला रागावत होती. कपाटं उघडत होती, आपटत होती, एकेक पांघरूण काढून माझ्या हातांवर टाकत होती. चार टाकली. पाचवं तिच्या मुलाचं, त्यावर विमानं छापलेली. तिच्या त्या सगळ्या भडिमारातला मला एकच शब्द कळला, 'वेडी'. मला आईनंतर कुणी असं हक्काने वेडी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. पांघरुणांमुळे हात मोकळे नव्हते, डोळेही पुसता येईनात. मग ती पण रडली. तिचं कारण वेगळं असणार. मुलाच्या पांघरुणाला तिने नाक लावलं होतं मध्येच.

आता मी रोज तिच्याच बसमध्ये बसते. तिच्या पाठीमागच्या सीटवर. चुकीचंच बोलते. 'काल मी येईन' असलं काहीतरी. ती समोर रस्त्याकडे बघत उत्तर देते. बसमधले लोक हसतात, हसू देत. तोंड उघडलं की मला अजून लाज वाटते, आणि रात्री खोलीत आले की एकटेपण जात नाही. पाच पांघरुणांत थंडी जाते, तेवढीच.

सातव्या रकान्यात या वेळी 'थोडं' आहे. मी डोकावून बघितलं.

मुकीला पत्र लिहिलं. तिचा पत्ता मंडळ देत नाही, पण पाकीट पुढे पाठवतो म्हणाले. उत्तर तुझ्या पत्त्यावर येईल, आलं तर. तिच्या भाषेत लिहिलं. तिची भाषा मला येत नाही, कोश घेऊन बसले, पाच दिवस लागले, आणि तरी चुकांनी भरलेलं असणार. मुद्दाम कुणाकडून तपासून घेतलं नाही. नळाचं लिहिलं. मला ऐकू आला होता, हेही लिहिलं.

ते कागद होते तसे परत चिकटव. नको, राहू दे. टेबलावरच ठेव.

तुझी,
ताई

---

३० मे

ती. ताईस,

नमस्कार. आलं.

मंडळाचा शिक्का आहे, आत कार्ड आहे, एका बाजूला कुठल्याशा पुलाचं चित्र. मी वाचलं नाही असं लिहिणार होतो, पण वाचलं. चार वेळा. सोबत पाठवतो.

खिडकीतल्या झाडाला नवं पान आलंय. मुलाचा फोन आला होता. दोन-चार महिन्यांचं अजून बघतोय म्हणाला, किंवा तसलंच काहीतरी.

तुझा,
ठोंब्या

---

१४ जून

चि. ठोंब्यास,

कार्ड मिळालं. तू वाचलंच आहेस, तरी मी इथे उतरवते. हाताने लिहिलं की नीट समजतं मला.

'बाई. तुमची पत्र आला. मी खूप वेळ वाचली. माझा भाषा गेला सगळं. तेव्हा घरी गेली, आई विचारली काय झाली, मी नाही सांगितली. खूप वर्ष राग. आता थोडा. तुम्ही तिकडे एकटं? मला सांग. पाणी मिळतो?'

ते वाचायला बसले तेव्हा सवयीने हातात लाल पेन होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ते खिडकीतून डेपोच्या भिंतीपलीकडे भिरकावलं. कुणाला लागलं नसावं.

जिने नऊ वर्षांपूर्वी अख्खी वाक्यं बिनचूक लिहून खणाखाली लपवली, तिची भाषा आता अशी झाली आहे. ती मी घालवली. आणि तरीही तिने अशीच, मोडकी, माझ्याकडे पाठवली. राग आता थोडा आहे म्हणते. गेला, असं लिहिलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. 'पाणी मिळतो?' हे वाचून मात्र मी टेबलावर डोकं ठेवलं. बसवालीने विचारलं, काय झालं? मी तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. अर्धा तास लागला. ती हलली नाही. तिची चहाची कपबशी तशीच गार झाली.

मुकीला त्याच दिवशी उत्तर टाकलं: 'हो. पाणी मिळतं. एकटी आहे. तू कशी?'

मी दहा जुलैला निघते, पूर्ण सहा महिने करून. तोवर खोली तुझी. त्यानंतरही तुझीच. मी आता विद्यार्थी ठेवणार नाही असं ठरवलं होतं, पण बसवाली म्हणते ठेव. बघू. ठेवला तर तुझ्या खोलीत खाट टाकावी लागेल, आणि तू घोरतोस.

तुझी,
ताई

---

२८ जून

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र तुला तिथे मिळेल की तू निघाल्यावर पोचेल, माहीत नाही. तरी लिहितो, कारण तुला एक उत्तर द्यायचं राहिलं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. म्हणजे शिंप्याने येऊन सांगितलं की वाजतोय. मी उचलला. खरखर, खरखर, आणि मग तुझा आवाज. कारखान्यात भोंगा वाजायचा तेव्हा जसं काहीतरी आहे एवढंच कळायचं, तसं. मी म्हटलं, "काय?"

तू परत काहीतरी म्हणालीस. मी म्हटलं, "काय गं? ऐकू येत नाही."

आता तू 'काही नाही, जाऊ दे' म्हणणार, हे मला ठाऊक होतं. ते शब्द माझ्या कानांना आधीच ऐकू यायला लागले होते. मी फोन खाली ठेवायच्या बेतात होतो.

तू परत सांगितलंस. मी परत "काय?" म्हटलं. तू परत सांगितलंस. शिंपी दारात उभा राहून बघत होता. पाचव्यांदा की सहाव्यांदा तू एकेक शब्द सुटा करून इतक्या जोरात ओरडलीस की तुझी बसवालीही दचकली असेल. तेव्हा मला कळलं. कळलं आणि मी फोन दोन्ही हातांनी धरला. तू तिकडून "ऐकू आलं का? ऐकू आलं का?" म्हणत असशील. तेवढ्यात फोन कट झाला.

तू विचारत होतीस, "जेवलास का?"

जेवलो, ताई.

तुझा,
ठोंब्या